चाळीस फंक्शन्स, अकरा ओळी

३ मार्च, सोमवार.
दवाखान्याचं काम आलं. चाळीस विभाग. प्रत्येकाला एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा: आज येणाऱ्या पेशंटची यादी द्यायची. मॅनेजरबाई म्हणाल्या, हातानं लिहून काढा, पुढच्या सोमवारी सुरू करायचंय. हातानं म्हणे! मी लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा माणूस. लिस्पमध्ये मॅक्रो लिहायचा, म्हणजे कोड लिहिणारा कोड. विभागांची नावं दिली की चाळीस फंक्शन्स तोच तयार करतो. बाई म्हणाल्या, नाही जमलं तर लिस्प ऑफिसातून जाईल आणि तुम्ही टेस्टिंगला. बारा वर्षं मी एकट्यानं सांभाळलंय हे लिस्प. बघतोच.

४ मार्च. सकाळी ११.
मॅक्रोला हात घातला. आजच संपवणार.
संध्याकाळी ५. मॅक्रोचं नाव ठरत नाहीये. नावात घाई नको.

६ मार्च, गुरुवार.
शेजारच्या टेबलावरची मास्तरीण (पूर्वी शाळेत गणित शिकवायची) फंक्शन्स खरंच हातानं लिहितेय. सातवं चालू. कीव आली. जेवणाच्या सुट्टीत तिला मॅक्रो समजावून सांगितला. ऐकता ऐकता तिनं आठवं लिहिलं. मग विचारलं, यात 'आज' कोण ठरवतं? म्हटलं, मॅक्रो, एकदाच. सारखी सारखी तारीख विचारायला तो विसराळू आहे का? तिनं नववं लिहायला घेतलं. पटलं असणार.

७ मार्च.
झाला. अकरा ओळी! मास्तरीण बाविसाव्यावर. घरी बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, कंस फार आहेत. असल्या टीकेला मी उत्तर देत नाही.

१० मार्च, सोमवार.
आठला बिल्ड केलं, म्हणजे मॅक्रो चालवून फंक्शन्स तयार केली; नऊला दवाखाना सुरू. चाळीसही याद्या बिनचूक. बाई चक्क हसल्या. ठराव: टेस्टिंगच्या मंडळींसाठी मॅक्रोचा क्लास काढायचा. बिचाऱ्यांना कोण शिकवणार?

११ मार्च. सकाळी ९.१०.
दवाखान्यातून फोन. सगळ्या विभागांत कालचेच पेशंट दिसतायत. रिसेप्शनवाल्याला स्क्रीन नीट वाचता येत नसावा.
९.४०. वाचता येतो त्याला. मॅक्रो चालला सोमवारी सकाळी, त्यामुळे सोमवारची तारीख चाळीसही फंक्शन्समध्ये कायमची बसली. पण चाळीसही अगदी एकसारखी चुकली. हातानं लिहून ही शिस्त येत नाही.
१०.३०. बाईंना सुचवलं, रोज आठला येऊन मी स्वतः बिल्ड करीन, रविवारीसुद्धा. त्यांनी विचारलं, आजारी पडलात तर? मी सहसा पडत नाही. तेही सांगितलं. मग म्हटलं, तासभर द्या, एकाच ओळीची दुरुस्ती आहे. बाई म्हणाल्या, पेशंट बाकावर बसलेत.
११.००. मास्तरीण उठून म्हणाली, "माझी चाळीस शनिवारीच झालीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."
दहा मिनिटांत तिची चढवली. चालली.
वाईट वाटलं. फार वाटलं. वही माझी एकट्याची आहे म्हणून लिहितोय. बायकोला सांगितलं, दवाखाना उत्तम चाललाय. खोटं नाही.

१२ मार्च, बुधवार.
टेस्टिंग विभाग. खुर्ची बरी आहे. पहिलं काम: मास्तरणीची चाळीस फंक्शन्स एकेक तपासणं. म्हटलं, मॅक्रो लिहून तपासतो. तिथली मंडळी नको म्हणाली, हातानंच. ठीक आहे. एक तरी चूक काढल्याशिवाय उठणार नाही.
संध्याकाळी ६. चाळीस झाली. चूक नाही.
उद्या परत पहिल्यापासून.