मागची दांडी

४ मे, सोमवार

दांडी ओढली.

हे आंघोळीला गेल्यावर मी शेडमध्ये शिरले, गवत कापायच्या ट्रॅक्टरमागे उकिडवी बसले आणि दांडी बाहेर ओढून खाचेत अडकवली. करंगळीएवढी जाड सळई. ती आत असली की गिअरबॉक्समधलं तेल चाकांना धरून ठेवतं. बाहेर ओढली की सोडून देतं. मग इंजिन सुरू होतं, पाती फिरतात, पण गाडी जागची हलत नाही. बंद पडलेली गाडी हाताने ढकलता यावी म्हणून केलेली सोय. यांनीच मला दाखवली होती.

शनिवारी गवत कापता कापता हे उघड्या फाटकातून रस्त्यावर गेले. पाती फिरत होती. रस्ता ओलांडला. समोरच्या अंगणात शेजारणीची मुलगी खडूने चित्र काढत बसली होती. तिच्यापासून दोन हातांवर गाडी थांबली. या गाडीला थांबवायला ब्रेक दाबावा लागत नाही, पेडलवरचा पाय उचलला की ती जागच्या जागी थांबते. पाय उचलायचं आठवलं – एवढंच. नशीब म्हणायचं.

मला म्हणाले, “तू हाक मारलीस ना?”

मी मारली नव्हती.

डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. “गाडी, गॅस, शिडी – तिन्ही बंद.” तेव्हा मी किल्ली लपवली. यांनी दोन दिवस घर उलटंपालटं केलं, तिसऱ्या दिवशी मला चोर म्हणाले. किल्ली परत दिली. चूक माझी.

म्हणून दांडी. हे म्हणतील, गिअरबॉक्स गेला, आता पुरे. मी हो म्हणेन.

५ मे

गाडी हलली नाही. यांनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मान कलती करून आवाज ऐकत राहिले. पोर रडतं ते भुकेनं की पोटदुखीनं, हे बाई ऐकते तसं.

मी दारात उभी. आता मागे वाकतील, आता बघतील.

वाकले नाहीत.

“गिअरबॉक्स गेला का?” मी विचारलं.

“गेला म्हणजे? कुठे गेला? हा काय इथेच आहे.” वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं यांनी गिऱ्हाइकांना हेच उत्तर दिलं. मी विसरले कशी?

“उघडावा लागेल,” म्हणाले.

६ मे

उघडायला घेतला.

७ मे, गुरुवार

मागचा भाग जॅकवर उचलून लाकडी ठोकळे लावले. चाकं काढली, पट्टा काढला, पंखा काढला. गिअरबॉक्सच्या पाठीवर वाळक्या गवताचा थर होता, चटईसारखा. “बघ, घोंगडी पांघरून धावायला लावलं बिचाऱ्याला,” म्हणाले. “तापेल नाही तर काय?” जुनं तेल काळं आलं. बोटांत चोळून, वास घेऊन मला दाखवलं.

मग एकेक सळई सोडवत आले. ब्रेकची. पेडलची. आणि ती. मी दिवा दुसरीकडे वळवला. “नीट धर गं,” म्हणाले. दांडी सोडवली, हातात घेतली, फडक्याने पुसली आणि बाकीच्या सळयांशेजारी ठेवली.

बस्स. ठेवली!

आतले पाच पिस्टन अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडले. बोटाच्या पेराएवढे, आरशासारखे गुळगुळीत. प्रत्येक जण आपापल्या भोकात घासून बसलेला, अदलाबदल चालत नाही. “ज्याचं त्याच्या घरात,” म्हणाले. ट्रेवर पेनाने आकडे घातले.

चार तासांत एकही प्रश्न दोनदा विचारला नाही. खरं लिहायचं तर दिवस चांगला गेला. खोटं बोलून कमावलेला.

८ मे

यांची कामाची वही काढली. पहिल्याच पानावर, नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी लिहिलेलं:

गाडी हलत नसेल तर आधी मागची दांडी बघा. मग स्पॅनर उचला.

अक्षर ठाम. खाली दोन रेघा.

सोमवारी भीती होती, सापडेल. आज वाटतं, सापडू दे. मला चोर म्हणा, खोटारडी म्हणा, चार भांडी फेका. पण बघा.

१० मे, रविवार

सकाळपासून ट्रेसमोर उभे. मी दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हे तीन नंबरचा पिस्टन तळहातावर घेऊन बघत होते.

“हे कशाचं आहे?”

मी सांगितलं.

“आणि हे सगळं कोणी उघडलं?”

“तुम्हीच,” म्हटलं. त्यांनी पिस्टन ट्रेमध्ये ठेवला. तीनच्या जागी नाही. उलट्या क्रेटवर बसले.

“हे माझं काम होतं ना गं?”

होतं म्हणाले. होतं!

जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शनिवारी काय झालं होतं ते यांना आठवत नाही, पण ट्रेसमोर काय झालं ते संध्याकाळपर्यंत आठवत होतं. तेवढं बरं लक्षात राहतं.

मी काय केलं? धडधाकट यंत्राचं पोट फाडायला लावलं आणि आत काय आहे ते ओळखता येत नाही हे त्यांचं त्यांनाच दाखवलं. डॉक्टरांनाही हे जमलं नसतं.

लंबूला फोन केला. वर्कशॉपमध्ये यांच्या हाताखाली अठरा वर्षं होता.

११ मे

लंबू दारातूनच ओरडला, “काय उस्ताद, चालत्या म्हशीचे पाय मोजायला बसलात का?”

“तू शेपूट धर, बाकीचं मी बघतो,” हे म्हणाले. ताबडतोब! लंबूला ओळखलं, की नुसतं थट्टेला थट्टेनं उत्तर दिलं – मला कळलं नाही.

हे हात धुवायला गेले तेव्हा लंबूने हळूच विचारलं, “वहिनी, मूळ बिघाड काय होता? आत तर सगळं ठणठणीत आहे.”

“दांडी बाहेर होती. मीच ओढली होती.”

तो फडक्याला बराच वेळ हात पुसत राहिला.

“उस्तादांनी बघितली नाही?”

“सोडवून, पुसून ठेवली.”

“मी पहिल्या दिवशी दांडी न बघता स्पॅनर उचलला म्हणून कान धरून बाहेर काढलं होतं मला.” मग म्हणाला, “अख्ख्या वर्कशॉपसमोर.” आणि हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तो यांना काही विचारत नव्हता. फक्त एकेक वस्तू हातात देत होता. पिस्टन दिला की यांचा हात बरोबर जागी जायचा, तेलाचं बोट फिरवून अलगद आत बसवायचा. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी पाचपर्यंत गिअरबॉक्स बंद झाला, नवं सील, नवी गाळणी. लंबूने पट्टा, चाकं, सळया जोडल्या. दांडी बाहेरच ठेवली. माझ्याकडे बघितलं.

निघताना म्हणाला, “हवा काढायची राहिली. ते उस्तादच करू देत. पण ठोकळे काढू नका, वहिनी.”

१३ मे, बुधवार

नवं तेल भरलं की त्यात हवा राहते. ती काढल्याशिवाय चाकांना जोर येत नाही. त्यासाठी मागची चाकं उचललेलीच ठेवायची असतात. शेडची दोन्ही दारं उघडली. हे सीटवर बसले, मी शेजारी उभी राहून यांच्याच वहीतून वाचत गेले.

दांडी बाहेर. इंजिन हळू. पेडल पुढे, पाच आकडे मोजा. मागे, पाच आकडे. असं सहा वेळा.

तोंडाने मोजत होते. एकदाही चुकले नाहीत.

पुढची ओळ होती – आता दांडी आत ढकला.

मी थांबले. ओळ गाळता आली असती. गाळली तर चाकं फिरणार नाहीत, हे पुन्हा क्रेटवर जाऊन बसतील, आणि या वेळी उठणार नाहीत. वाचली तर गाडी नवी. मग रस्ता आणि यांच्यामध्ये फक्त चार लाकडी ठोकळे.

वाचली.

“कुठली दांडी?” म्हणाले. सहज. दुसऱ्याच्या पोराचं नाव विचारावं तसं.

इंजिन सुरूच होतं. “मी ओढली होती,” असं म्हटलं मी, मोठ्याने म्हटलं. यांनी हसून मान हलवली. ऐकलं नसावं. की ऐकलं?

मागे जाऊन दांडी आत ढकलली.

पेडल दाबलं. चाकं फिरली. आधी अडखळत, मग एका लयीत. यांचा चेहरा बघवेना, इतका जुना झाला होता. लग्नातल्या फोटोइतका.

१४ मे

“अजून हवा आहे थोडी,” म्हणाले आणि पुन्हा तासभर.

नाही. आवाज स्वच्छ आहे. एवढं मलाही कळतं आता.

शेजारीण फाटकाशी आली. मुलगी तिच्या पायामागे. “काकू, ती गाडी खाली नाही ना उतरवणार?”

नाही म्हटलं. तिने मान हलवली, पण लगेच गेली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही गेले नसते.

जॅक कोळशाच्या पोत्यामागे लपवला. पुन्हा लपवालपवी. पण जॅक नसला तरी यांना पहारीने जमेल, एकतीस वर्षांत पन्नास वेळा केलं असेल. आज ना उद्या सांगतील, उतरव खाली, गवत वाढलंय. तेव्हा काय सांगू? दुरुस्त केलेल्या माणसाला दुरुस्त गाडी कुठल्या तोंडाने नाकारू? विकून टाकली तर ही तासाभराची शांतता गेली. ठेवली तर एक दिवस फाटकातून बाहेर. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणले.

दांडी पुन्हा ओढता येणार नाही. तेवढं बळ नाही. हाताचं म्हणत नाही.

१६ मे

जॅक अजून मागितला नाही. गवत घोट्याच्या वर आलंय.

१७ मे

जेवताना म्हणाले, “उद्या जरा लवकर निघू.” यांचा घास हातातच राहिला. पुढे काय बोलणार होते ते विसरले, की मी ऐकायला नको म्हणून थांबले? मी उद्याच लंबूला सांगून गाडी हलवते. ठरलं. रडतील, रडू देत.

१८ मे, सोमवार

लंबू दुपारी येणार होता. सकाळीच हे गाडीवर बसले होते. दारं सताड उघडी, समोर गवत, चाकं हवेत फिरतायत. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून यांनी विचारलं, “कुठवर आलो गं आपण?”

“गवताच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी,” म्हटलं.

“मग वळायला हवं,” म्हणाले, आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

लंबूला येऊ नकोस म्हणून कळवलं.