बुटाची नाडी

कोरेगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या मणक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनीच ते रद्द केलं.

फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली होती, पालथं झोपून छाती वर उचला, दहा वेळा. मी पडलो फौजी! चाळीस वेळा केलं आणि दोन दिवस आडवा. पोरगी रागावली, “आवं काका, धा म्हंजे धाच. ही परेड न्हाई.”

मग रोज दहाच. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतून कमरेत, आणि एक दिवस गेलीच. गेली कुठं? आपलंच अंग, पण काय अजब चीज आहे!

सहा महिने बुटाची नाडी बायको बांधायची. आजही ती सवयीनं पायरीवर येऊन बसली. मी वाकून बांधलेली नाडी तिनं बघितली, ओढून सोडली आणि म्हणाली, “आता माझ्यादेखत बांधा.”