गॅरेजमागचा कोपरा

प्रिय कर्स्टन,

काल इकडे आयोवात पहिला बर्फ पडला. एवढं सांगायला पत्र कशाला, म्हणशील. येतो मुद्द्यावर. बाबाला मुद्द्यावर यायला किती वेळ लागतो, तुला ठाऊक आहे.

शेजारचा ऑर्व्हिल हल्ली रोज टोमणा मारतो, "काय हार्लन, गवत कापायचं मशीन बिघडलंय की डोकं?" गॅरेजमागचा कोपरा मी कापत नाही, म्हणून. तिथे वाळक्या काड्या उभ्या आहेत, पाखरं बोंडांतलं बी टिपतात. एप्रिलमध्ये काड्या वरून छाटायच्या आणि हातभर खुंट तसेच ठेवायचे. इथल्या बारक्या रानमाश्या त्यांत अंडी घालतात. पोळं नाही, राणी नाही, एकेकटीचा संसार. तुझी आई हे सांगायची तेव्हा मी मॅच बघत असायचो. आता पुस्तकात वाचतो.

आजारपणातल्या त्या जानेवारीत माझ्या मार्लिसचे हात औषधांनी थरथरत होते. तरी तिने दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन कापून माती भरली, कोनफ्लॉवर या रानफुलाचं बी पेरलं आणि कॅन बर्फात नेऊन ठेवले. मी म्हटलं, अगं, गोठेल की! म्हणाली, गोठू दे, थंडी खाल्ल्याशिवाय हे बी जागं होत नाही. मेमध्ये तुम्ही दोघींनी रोपं कोपऱ्यात लावली. पहिल्या वर्षी नुसती पानं, फुलं पुढच्या उन्हाळ्यात, असं तीच म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती गेली. दफनाच्या दिवशी सकाळी मी गवत कापायला काढलं. चर्चमधल्या बायका दुपारी जेवण घेऊन घरी येणार, आणि गवत वाढलेलं! आपल्या गावात माणूस गेलं तरी अंगण नीट लागतं. मशीन कोपऱ्यातल्या रोपांवरूनही फिरलं. तू काळ्या कपड्यांत मागच्या दारात उभी होतीस. "बाबा, तिला दुपारी पुरायचं होतं ना? एवढी कसली घाई तुला?" मी म्हटलं, मला ते तण वाटलं. संध्याकाळी तू गाडी काढलीस. चार वर्षं झाली. नाताळला कार्ड येतं तेवढंच.

आता ऐक. पुढच्या एप्रिलात तीच खरखरीत पानं परत वर आली. मुळं शाबूत होती. एकोणीस रोपं. मी भोवती दोरी बांधली. त्याच्या पुढच्या वर्षी जुलैत फुलली, गुलाबी, मध्ये काटेरी बोंड. माश्या आल्या. त्यांतली एक हिरवीगार, चकचकीत, नखाएवढी. मी बादली उपडी घालून बसतो आणि बघतो. काही करत नाही.

तीन उन्हाळे फुलली, तरी तुला कळवलं नाही. रोपं जगली एवढंच लिहून भागलं नसतं, म्हणून. ते मला तण वाटलं नव्हतं, कर्स्टन. मला चांगलं माहीत होतं ती कोणाची रोपं आहेत. ती नसणार आणि तिची रोपं फुलणार, हे मला सोसवेना. म्हणून कापली, आणि तुझ्याशी खोटं बोललो. चुकलं माझं, पोरी. तेवढं सांगायला हे पत्र. पाकिटात तिच्या फुलांचं बी आहे. घरात ठेवू नकोस, बाहेर थंडीत पेर. आणि जुलैत आलीस तर बादल्या दोन आहेत.

तुझाच,
बाबा