धंदा: शवपेट्या तयार करणे

मी, एमिलिया इसिडोर कोरिया, वय वर्षे सव्वीस, धर्म ख्रिस्ती, राहणार कांजूर गाव, चर्चकडून कबरस्तानाकडे जाणारी गल्ली, मुंबई उपनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय शाबूत नाही, पण त्याचा बुद्धीवर परिणाम झालेला नाही, असे मी विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. एकाने अट घातली आहे. ती पुढे लिहीन.

सर्वांत आधी एक दुरुस्ती. दिनांक १९ ऑगस्ट १९७३ रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. माझा धाकटा भाऊ बॅप्टिस्ट याने ते आपल्या ऑफिसातून टाइप करून आणले. त्यात माझ्या नावापुढे ‘धंदा: शिवणकाम’ असे आहे. ते बरोबर नाही. मी शिवते हे खरे, पण शिवते ते शवपेटीचे अस्तर, आणि अस्तर लावण्याआधी पेटीही मीच करते. सही करण्यापूर्वी मी कागद दोनदा वाचला होता. तेव्हा चूक टाइप करणाऱ्याची म्हणता येणार नाही, माझीच आहे. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

१. माझे वडील कै. इसिडोर कोरिया यांनी चाळीस वर्षे हाच धंदा केला. लहानपणी मला सांधेताप होता, त्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बाबांनी घरीच शिकवले. क्रुसावर रंगवायची नावे हेच माझे पुस्तक. ‘जन्म’ आणि ‘मृत्यू’ हे दोन शब्द मी सर्वांत आधी लिहायला शिकले, कारण ते प्रत्येक क्रुसावर येत. अक्षर वळणदार आले की बाबा म्हणत, “हे घरच्यांना वाचायचंय, एमी. रडणाऱ्या डोळ्यांना वाचता यायला पाहिजे.” त्याच सांधेतापाने हृदयाची झडप खराब केली. तिच्यावर आता ऑपरेशन व्हायचे आहे.

२. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा बॅप्टिस्टला द्यावा. आईच्या सोन्याच्या कुड्या त्याच्या होणाऱ्या बायकोला द्याव्यात. तिने मला अजून पाहिलेले नाही. तिच्या मारोळच्या घरच्यांना, मी शिवणकाम करते, असे सांगितलेले आहे. कुड्या देताना कोणीतरी खरे सांगावे. मग ती घेईल किंवा घेणार नाही.

३. बाबांची मापाची पट्टी. ही शिसवीची, सहा फुटांची, खाचा पाडलेली. बाबा ती फार क्वचित बाहेर नेत. पट्टी घेऊन रस्त्याने निघाले की लोक दारे लोटून घेत. म्हणून ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत आणि पाठमोऱ्या माणसांची उंची नजरेनेच लक्षात ठेवत. कोणी आजारी पडले तर भेटायला जात नसत. “मी गेलो तर घाबरतील,” म्हणत. जिवलग मित्राच्या शेवटच्या आजारातही ते गेले नाहीत. त्याची पेटी करताना मात्र दोनदा थांबले.

इथे माझी एक जुनी चूक नोंदवते. मी बारा वर्षांची असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात क्लॅरिस टीचरना म्हणाले, “टीचर, तुमची उंची पाच फूट दोन इंच. बाबा म्हणतात, तुम्हाला अख्खी फळी पुरेल, जोड लागणार नाही.” आमच्या घरी हे कौतुक होते, कारण जोड दिलेली फळी कच्ची राहते. टीचरचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. त्यांनी मला मागच्या बाकावर बसायला सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मुले आमच्या घरावरून जाताना गुडघ्यांत वाकून चालू लागली. “वाक रे, वाक! खोक्याची बहीण माप घेतेय!” खोका म्हणजे बॅप्टिस्ट. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. हे नाव त्याला माझ्या बोलण्यामुळे पडले. तो हे विसरलेला नाही, आणि त्याने ते का विसरावे?

ती मुले मोठी झाली. त्यांतली काही माझ्याकडे पेट्या मागायला आली. अजूनही माझ्याशी बोलताना उंबऱ्यावर टेकतात, खांबाला रेलतात, नाहीतर बसून घेतात. गावात माझ्यासमोर ताठ उभे राहणारे माणूस मला आठवत नाही.

पट्टी पुढील कलमात लिहिलेल्या बाईंना द्यावी.

४. शेड, दोन्ही करवती, रंधे, पटाशा, गुण्या, हातोड्या, शिवणाचे मशीन आणि शिल्लक लाकूड हे सर्व जानकी धोंडू परब यांना द्यावे. पहिल्या मृत्युपत्रात हे बॅप्टिस्टला दिले होते. तो शेड भाड्याने देणार होता.

जानकीबाईंचे यजमान गिरणीत होते, ते वारले. त्या तीन वर्षे माझ्याबरोबर फळ्या धरतात, खिळे मारतात, पॉलिश करतात. येतात मागच्या दाराने. घरी सांगितले आहे की किरिस्तावांकडे भांडी घासते. मी एकदा विचारले, त्यात काय मोठे? त्या म्हणाल्या, “भांडी घासतंय म्हटला तर कोण इचारीत नाय. ह्या पेट्यांका खिळे मारतंय म्हटला तर सून हातचा पाणी घेवची नाय.” मी पुष्कळ विचार केला. खरकटे हाताला लागते. आमच्या हाताला लागतो लाकडाचा भुसा. मग मळामुळे हे असते असे म्हणता येत नाही.

सामान घ्याल का, असे मी त्यांना विचारले. “तू परत येतलंस, मग कित्याक?” म्हणाल्या. बऱ्याच वेळाने खिळे वेचता वेचता म्हणाल्या, “मोठो रंधो माका उचलत नाय. हलको बघ.” हा मी होकार धरते. माझ्या पोस्टाच्या पुस्तकातून त्यांना हलका रंधा घेऊन द्यावा. उरलेल्या पैशांतून इस्पितळाला द्यावे लागेल ते द्यावे.

५. सागवानी पाळणा. याची हकिगत लिहिणे भाग आहे.

बाबा १९७० मध्ये गेले. त्यांनी रंगवलेली पाटी ‘इसिडोर कोरिया, शवपेट्या’ अशी होती. आठव्या दिवशी बॅप्टिस्टने ती उतरवली आणि ‘कोरिया फर्निचर वर्क्स’ ही पाटी लावली. मी शिडी धरली होती. हेही लिहिते, कारण सगळे त्याच्यावर टाकणे बरोबर नाही. गाववाल्यांना आमचे घर माहीतच होते. बाहेरचे मात्र फसू लागले.

मागच्या वर्षी स्टेशनकडच्या नव्या कॉलनीतून एक नवराबायको पाळणा सांगायला आले. बाईंना सातवा महिना होता. मी नाही म्हणायला हवे होते. पण त्या माझ्यासमोर पाठीला हात लावून सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान गोल करा हं कडा, बाळाला लागतील.” मी महिनाभर त्या कडा घासल्या. एवढे मन लावून मी कधी काही केले नव्हते. पाळणा त्यांच्या घरी अकरा दिवस होता. मग माझा धंदा त्यांच्या कानावर गेला आणि नवरा तो हातगाडीवर घालून घेऊन आला. शेडमध्ये उभ्या केलेल्या पेट्यांकडे त्याने पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. “पैसे नकोत. फक्त हा परत घ्या,” म्हणाला.

“याला स्वतंत्र लाकूड वापरलंय,” मी म्हटले.

“हात तेच ना, बाई?”

त्यांना माझ्या धंद्याची शिसारी आली, की मी फसवले याचा राग आला, याचा मी वर्षभर विचार करते आहे. ते मला कळू शकत नाही, कारण पाटी खोटी होती. पाटी खरी असती तर ते आले नसते. किंवा आले असते तर सगळे जाणून आले असते. खोट्या पाटीखाली मिळालेला मान आणि खोट्या पाटीखाली झालेला अपमान, दोन्ही माझ्या हिशेबी धरता येत नाहीत.

पाळणा बॅप्टिस्टला द्यावा. त्याने वापरलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मात्र वापरला नाही तर सरपणाला फोडू नये. लाकूड चांगले आहे.

६. माझी स्वतःची पेटी. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांची करावी, सागवान वाया घालवू नये. त्या फळ्यांवर आतून ‘काच आहे, सांभाळून’ असे इंग्रजीत छापलेले आहे. ते रंधून काढण्याची गरज नाही. अस्तर मी शिवून ट्रंकेत ठेवले आहे. ते दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचे म्हटले तर गावात दुसरे कोणी नाही.

माप जानकीबाईंनी घेतले आहे. गेल्या मंगळवारी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि त्यांनी पट्टी धरली. मग थांबल्या.

“सरळ उभी रव गो. तू पण वाकतंस?”

मी खाली पाहिले. माझे गुडघे वाकलेले होते. मला ते समजलेही नव्हते. मी पुन्हा ताठ झाले, पट्टी जवळ आली आणि गुडघे पुन्हा वाकले. तिसऱ्या वेळी जानकीबाईंनी एका हाताने माझे गुडघे दाबून धरले, तेव्हा माप झाले. पाच फूट.

म्हणून हे लिहून ठेवते की, आमच्या दारावरून ज्यांनी ज्यांनी गुडघे वाकवले त्या सर्वांवरचा माझा राग मी सोडते. ते आम्हाला हलके समजत होते असे मी चौदा वर्षे धरून चालले. त्यांतले बरेच नुसते घाबरलेले असावेत. पण घाबरलेल्या माणसांनी ज्याला दूर ठेवले त्याला दूरच राहावे लागते, हेही तितकेच खरे आहे. बाबा तसेच राहिले.

७. आता अट. ऑपरेशनच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मला बॅप्टिस्टशिवाय कोणी नाही. दाखल होण्याची तारीख सोमवार, ५ नोव्हेंबर. आदल्या दिवशी, रविवारी, मारोळची माणसे घर पाहायला येणार आहेत. बाबांची पाटी मी माळ्यावरून काढून पुसली. खाली माझे नाव रंगवले. बॅप्टिस्टने ती पाहिली.

“एमी, तेवढा रविवार जाऊ दे गं.”

“आणि नंतर?”

“नंतर काय नंतर? लाकूडकाम ते लाकूडकाम! स्टूल कर, टेबल कर, कोण नको म्हणतंय? मढ्यांचंच काय वेड लागलंय तुला?”

“स्टूल करायला गावात चार जण आहेत, बॅप्टिस्ट.”

“तुला काय, तू घरात बसलीस. शाळेत मार मी खाल्लाय.” मग तो म्हणाला, “पाटी लावलीस तर सोमवारी सहीला मी येणार नाही. बस मग तुझ्या खोक्यात.”

खोका हा शब्द त्याच्याच तोंडून आला. त्याने माठातले पाणी घेतले, पेला धुऊन पालथा घातला आणि गेला.

त्याने सही केली नाही आणि काही बरेवाईट झाले, तर त्याला दोष देऊ नये. हे मी समजून उमजून लिहिते. आधी त्याची सही घ्यावी आणि बरी होऊन आल्यावर पाटी लावावी, हा विचार माझ्या मनात आला होता. दोन दिवस तो मला चांगलाही वाटला. पण ती सहीही त्या सागवानी पाळण्यासारखीच, खोट्या पाटीखाली मिळालेली झाली असती. त्याला यायचे असेल तर पाटी पाहून यावे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्लॅरिस टीचरनी करावी. त्यांना विचारायला मी गुरुवारी गेले. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. त्या उठल्या, दाराच्या चौकटीला टाचा टेकून ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बघ गं, अजून पाच फूट दोनच का?”

मला खोटे बोलता आले नाही. “एक इंच कमी झालाय, टीचर.”

“बरं झालं. तेवढी फळी वाचली तुझी.” त्या हसल्या, पण टाचा हलवल्या नाहीत. “चौदा वर्षं सांगायचं राहिलं होतं. मागच्या बाकावर तुला बसवायला नको होतं. सही कुठे करायची?”

ठिकाण: कांजूर गाव, मुंबई उपनगर.
दिनांक: रविवार, २८ ऑक्टोबर १९७३.

लिहिणार:
एमिलिया इसिडोर कोरिया
धंदा: शवपेट्या तयार करणे

आम्हा दोघांसमक्ष वरील बाईंनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:

साक्षीदार १: क्लॅरिस मिरांडा, धंदा: शिक्षिका.

साक्षीदार २: खंडू धाकू तांबे, धंदा: माळी.

(खंडूमामा चर्चच्या कबरस्तानात कबरी खणतात. ते म्हणाले, “बाई, माझं माळीच लिवा. पोरीचं कल्याणला जमतंय.” फुलझाडांना पाणीही तेच घालतात. स्वतःच्या नावापुढे काय लिहायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, म्हणून तसे लिहिले.)

सह्या झाल्यावर टीचर म्हणाल्या, “पाटीचा दिवसही घाल, नाहीतर तू पुढे ढकलशील.” त्यांचे खरे आहे. मृतांच्या सणाला सगळे गाव फुले आणि मेणबत्त्या घेऊन आमच्या दारावरून कबरस्तानात जाते. त्या दिवशी, गाव निघण्याआधी, सकाळी सहाच्या मिस्साच्या वेळी, सगळे चर्चमध्ये आणि गल्ली मोकळी असताना पाटी लावीन. शिडी जानकीबाई धरणार आहेत. पुढच्या दाराने येते म्हणाल्या. शुक्रवार, २ नोव्हेंबर १९७३.