कपाटातला ओला जोड

ती. बाबा, लेकीचा नमस्कार.

१. बुटाच्या कातड्यातून वाफ किती बाहेर जाते, हे मी इथे प्रयोगशाळेत मोजते.
२. चकचकीत जाड लेप दिला, की वाफ जवळजवळ जातच नाही आणि घाम आतच राहतो.
३. असा एक नवा जोड सोमवारी वाळवून कपाटात ठेवला. तो कुणीही घातला नव्हता.
४. आज सकाळी तो आतून ओला आणि कोमट होता. उजव्या बुटात चारच बोटांचे ठसे होते, तुमच्या उजव्या पायासारखे.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, भुताला घाम येतो होय? नीट वाळवला नसशील." मी पुन्हा वाळवला, कुलूप लावून किल्ली जवळ ठेवली. संध्याकाळी पुन्हा तेच. कारण सापडेल.

बाकी मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्हाला पाठवलेला काळा जोड त्याच लेपाचा आहे. साखरेमुळे तुमच्या पायांना ओल किंवा जखम कळत नाही, म्हणून तो घालू नका. आईला रोज तळवे बघायला सांगा. "कार्टी उगाच घाबरवते" म्हणाल, खुशाल म्हणा. पाय कसे आहेत, ते गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
धाकटी