परसातली अद्रक

दुबलगुंडी, मंगळवार

तीर्थरूप अप्पांच्या पायाशी कुशावर्तेचा नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की परसातल्या अद्रकीचा पाला पिवळा पडला, म्हणजे ती काढायला आली. ते चूक होतं. काल तुम्ही शिकवल्याप्रमाणे एक कोंब हलकेच ओढून पाहिला, तर तो बुडापासून सुटून हातात आला आणि घाण वास सुटला. सड लागली आहे. पण दोन वाफे अजून चांगले आहेत, काळजी करू नका.

तुमच्याकडची सगळी अद्रक यंदा पाण्यानं गेली. आईनं जपलेलं बेणं आता इथंच काय ते उरलं आहे. म्हणून चांगली आहे तेवढी लगेच काढून घ्यावी, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "येळवशीला शेताची पूजा व्हायच्या आधी मातीत कुदळ घालतीस व्हय गं? तुझ्या अप्पानं हेच शिकवलं का?"

हे म्हणाले, "आई नको म्हणायलीय, तर ऱ्हा की गप."

येळवशीची अमावस्या सोमवारी आहे. तोवर सड थांबणार नाही.

सासूबाई मनानं वाईट नाहीत. मला ताप आला तेव्हा रोज त्यांनीच काढा करून पाजला.

तुमचा खोकला कमी आहे का? शेजारच्या विमलबाई भाकरी करून देतात ना? खरं ते कळवा.

सासूबाईंपासून लपवून मी काही करणार नाही. शुक्रवारी सकाळी, त्यांच्या समोरच, दोन्ही वाफे खणणार आहे.

तुमची लेक,
कुशावर्ता