कडेचं पिंप

प्रिय उल्या,

साव्वाला दात आले हे जावईबापूंकडून कळलं. तूही कळवलं असतंस, पण बाप खाडीवरून उठून थेट पाळण्याशी येऊन उभा राहील अशी तुला धास्ती. "बाबा, तिथलं काम सुटेपर्यंत बाळाजवळ यायचं नाही," असं तू बजावलंस, तेव्हापासून मी फोटोतल्या नातवाशीच गप्पा मारतो. इथल्या रानातल्या मोरोश्काच्या फळांचा मुरांबा पाठवला, तर त्या बरणीचं झाकणही अजून उघडलं नाहीस म्हणे!

अगं, खाडी रिकामी झाली. पाणबुड्यांचं जुनं किरणोत्सारी इंधन भरलेली पिंपं एकेक करून बोटीवर चढली. काल एकच उरलं होतं. मॉस्कोहून आलेली आमची नवी इंजिनीअर खुशीत कर्ण्यावरून ओरडली, "चला, शेवटचं पिंप उचला!" झालं! क्रेनवाला तिखोन शिडी उतरून खाली आला आणि बसला सिगारेट ओढत. "शेवटचं म्हणाली ना? मग तिलाच म्हणावं, उचल. दोर तुटला म्हणजे कळेल." बोटीवरचे शिव्या घालताहेत, पोरगी कावरीबावरी. दर्यावर 'शेवटचं' म्हणणं अपशकुनी, 'कडेचं' म्हणायचं, हे तिला मॉस्कोत कोण शिकवणार? मी जाऊन हळूच सांगितलं. वाटलं, वाद घालेल. पण तिने कर्णा उचलला, "तिखोनकाका, चुकलं माझं. कडेचं पिंप तेवढं उचला!" तिखोन म्हणाला, "आता कसं!" आणि पिंप अगदी अलगद ठेवलं त्याने. भोंगा वाजवत बोट निघाली तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो.

त्या पोरीचा असल्या समजुतींवर काडीचाही विश्वास नाही. पण तिखोनची भीती खरी होती, आणि ती तिने मानली. मी मात्र तुला माझ्या किरणोत्सार-तपासणीचे आकडे ऐकवत राहिलो, वर 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवलं. तुझी आई याच धक्क्यावर कामाला होती. ती कशाने गेली, हे आपल्याला कुणीही धड सांगितलं नाही. मग तू नाही घाबरायचं तर कुणी?

म्हणून हे पत्र. माझं इथलं काम सुटलं. अंगावर नवे कपडे घालेन, बूटसुद्धा इथेच टाकून येईन. साव्वाला माझ्या हातात देऊ नकोस. तू त्याला मांडीवर घेऊन बस, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तिथून त्याला हसवता येतं का बघेन. उल्या, येऊ का?

तुझाच,
बाबा